पाच किलो

वडील दालबाजारात तोलायचे.
तिथल्या बोलीत तुलैया.
ते गेल्यावर थोरल्याने स्कूटर घेतली,
मी वजनं घेतली : पाच, दोन, एक, अर्धा,
चारही लोखंडी, काळी, कडेला तेलकट.
बायको म्हणाली, यांचं काय करणार.
मी कॉलेजात नेली.

ग्वाल्हेरला आमच्या कॉलेजच्या तलावावर
मी पोरींची ओढ मोजतो.
भिंतीला कडी, कडीला लोडसेल,
लोडसेलला पाच मीटर दोरी,
दोरीच्या टोकाला पट्टा,
पट्ट्यात एक मुलगी.
शिट्टी वाजते. तीस सेकंद ती जीव तोडून पोहते
आणि कुठेही जात नाही.
पडद्यावर करवतीचे दात उमटतात,
उजव्या हाताचा उंच, डाव्याचा बुटका,
बाराव्या सेकंदापासून दोन्ही झिजत जातात.
लोक विचारतात, अडवून ठेवलेल्याचं काय मोजता?
मी सांगतो, सोडलेल्याचा तर फक्त वेळ कळतो.

दर सोमवारी, पोरी यायच्या आधी,
मी लोडसेलला वडलांचं वजन टांगायचो
आणि कळफलकावर लिहायचो : पाच.
यंत्राचं काय, सांगाल ते पाच.

गुंजन बाथम, डबऱ्याची.
सिंध नदीत भावाच्या मागे शिकलेली,
श्वास घेताना अजून तोंड वाकडं करते.
फेब्रुवारीत तिचा आकडा आला
एकशे एक न्यूटन.
शंभर ओलांडणारी आमच्याकडची पहिली पोर.
तिच्या आईने बसने पेढे पाठवले,
डब्याला स्टीलची तार गुंडाळून.
मी दोन खाल्ले.

रसायनच्या प्रयोगशाळेत जूनमध्ये नवा काटा आला.
गंमत म्हणून नेलं वजन, वर्तमानपत्रात गुंडाळून.
चार हजार नऊशे तीस.
कागद काढला. आणखी कमी होणार, झालं.
मग कागदासकट कशाला मोजलं म्हणून स्वतःवर चिडलो,
काटा शून्यावर आणला, परत ठेवलं :
चार हजार नऊशे सव्वीस.
उलटं केलं.
बुडाला खळगा असतो, त्यात शिसं, शिशावर सरकारी ठसा.
खळगा होता.
झिजलं असेल, मी म्हणालो मोठ्यानं.
प्रयोगशाळेत कोणी नव्हतं.
झिजताना लोखंडावर चाकूचे ओरखडे उठत नाहीत.

चौऱ्याहत्तर ग्रॅम. मूठभर तूरडाळ,
एका माणसाचं वरण.
गिऱ्हाइकाच्या पिशवीतून, पाच किलोमागे, किती वर्षं?
शेठने करायला लावलं की यांनीच केलं?
माझी पोहण्याची फी महिना अकरा रुपये होती,
ते मोडीत मोजून देत,
एक नाणं चुकलं तर परत पहिल्यापासून.

हिशेब सरळ आहे.
हलक्या वजनाला पाच म्हटलं
की सगळी ओढ फुगते, शेकडा दीड.
एकशे एकाचे होतात साडेनव्व्याण्णव.

गुंजनला बोलावलं. केस पिळत उभी राहिली,
पाय ओले, खाली डबकं.
सगळं सांगितलं, वडलांचंही,
ते सांगायची गरज नव्हती.
ती वजन हातात घेऊन बघत राहिली.
"सर, डाळ माझ्या आईने पण तिथूनच घेतली असेल."
मग म्हणाली, "नवं वजन आहे का?"
होतं. पितळेचं, दाखल्यासकट, डबीत मखमल.
"बांधा."

बांधलं. शिट्टी.
दोरी पाण्यावर उठली, थेंब झडले,
कडीतून तो बारीक गुंजारव सुरू झाला
जो फक्त चांगल्या पोरींच्या वेळी येतो.
सत्त्याण्णव.
पुन्हा.
पंच्याण्णव. खांदे भरून आले होते तिचे,
दोनदा लागोपाठ मी बांधायलाच नको होतं.
पट्टा सोडताना म्हणाली, "सोमवारी."

फेब्रुवारीच्या वहीत मी लाल शाईनं आकडा खोडला,
शेजारी खरा लिहिला, सही केली.
कारणाच्या रकान्यात बराच वेळ काही सुचेना.
"वजनातील दोष" लिहिलं.

जुनं वजन टेबलावर आहे, कागद उडू नयेत म्हणून.
फोनवर बोलताना कधीतरी
माझा अंगठा त्याच्या खळग्यात जातो.
बरोबर बसतो.